तळे राखील तो

मराठीतल्या काही म्हणी आपण इतक्या सहज वापरतो की त्या नेमके काय सांगतात इकडे लक्षच जात नाही. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही त्यांतलीच एक. पतपेढीच्या संचालकाने मेहुण्याला कर्ज मिळवून दिले, देवस्थानच्या पंचाने नारळांचे पोते घरी नेले, की आपण ही म्हण उच्चारतो आणि थोडेसे हसतो. त्या हसण्यात निषेध असतो, पण समजूतही असते. उद्या एखादे तळे आपल्याही वाट्याला येईल, तेव्हा फार कडक बोलून ठेवू नये, असा सावधपणाही असतो. आता ही म्हण म्हणजे परवानगी, तक्रार की मनुष्यस्वभावाची नुसती नोंद? व्याकरणाने पाहिले तर 'चाखील' हे भविष्यकाळाचे रूप आहे. तो चाखेल एवढेच म्हणीत आहे. त्याने चाखावे की नाही, याबद्दल ती मुग्ध आहे.

म्हणीतली दोन्ही क्रियापदे मोठी मासलेवाईक आहेत. 'राखणे' म्हणजे जतन करणे, सांभाळणे. आपण अब्रू राखतो, मर्जी राखतो. पण शेत राखणारा माणूस शेताला पाणी घालत नाही. तो माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलतो. 'राखीव' डब्यात इतरांनी चढायचे नसते. सांभाळणे आणि दुसऱ्याला दूर ठेवणे हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने एकाच शब्दात घालून ठेवले आहेत, आणि पहिल्यातून दुसऱ्यात आपण केव्हा सरकलो हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. 'चाखणे' त्या मानाने विनयशील. चाखणारा भाजीचा थेंब तळहातावर घेतो, पातेले तोंडाला लावत नाही.

या शब्दांचा विचार मनात आला तो मात्र घरापासून फार लांब, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात. माझ्या भाच्याने तेथे एका लहानशा तळ्याकाठी घर घेतले आहे. त्या भागात तळ्यांना तोटा नाही. शेजारच्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी मोजलेली आहेत. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे थर मागे सरकले आणि खळगे पाण्याने भरले, त्यांची ही तळी. काठावर घरे, प्रत्येक घरापुढे पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेली होडी. आणि घरे झाली की त्यांच्या मालकांचा संघ आलाच. या संघाचे एक वार्तापत्र निघते. पुण्याच्या कुठल्याही गृहरचना संस्थेच्या सूचनाफलकावर जे लागते तेच त्यात असते, फक्त फलकाच्या जागी तळे आहे.

अंक मी सबंध वाचला. वर्गणी कोणाकोणाची बाकी आहे याची आठवण, नावे न घेता पण कोणाची ते सगळ्यांना कळेल अशा बेताने. सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी तपासून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी काही घरांनी ते केलेले नाही. हिरवळीला फॉस्फरसचे खत घालू नये. एक पौंड फॉस्फरस पाण्यात गेला तर त्यावर पाचशे पौंडांपर्यंत शेवाळ पोसले जाते. लून पक्ष्याचे घरटे पूर्वेच्या लव्हाळ्यात आहे, होडी दूरून न्यावी. मोठ्या लाटा उठवणाऱ्या नव्या तऱ्हेच्या होड्यांनी काठ ढासळतो, त्याबद्दल पुढल्या सभेत चर्चा. एक वृद्ध सभासद वारले, त्यांच्याविषयी चार ओळी. आणि वर्षभराचा एक तक्ता: पाणी किती खोलवर दिसते त्याचा. पांढऱ्या-काळ्या चौकटी रंगवलेली, सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. इटालियन शास्त्रज्ञ सेक्की याने १८६५ साली ही युक्ती काढली. विस्कॉन्सिनमध्ये १९८६ पासून काठावरचे रहिवासीच हे काम राज्यासाठी विनामूल्य करतात. या तळ्यावर एक निवृत्त शिक्षिका पंधरा-पंधरा दिवसांनी होडी घेऊन मध्यावर जातात नि दोरी सोडतात. तो आकड्यांचा तक्ता पाहून मला त्या बाईंविषयी फार आदर वाटला. आपल्या ज्ञानकोशांतून आणि परिषदांतून ज्याला 'नागरिकत्व' म्हणतात ते असेच दिसत असावे.

आता यातली गंमत अशी की हे पाणी त्यांचे नाही. १७८७ साली, अमेरिकेचे संविधान अमलात येण्याच्याही आधी, या वायव्य प्रदेशासाठी जो कायदा झाला त्यात मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्स यांना मिळणारे नौकायोग्य जलमार्ग सर्वांना कायमचे खुले राहतील असे लिहून ठेवले होते. १८४८ साली विस्कॉन्सिन राज्य झाले तेव्हा तेच वचन त्याच्या संविधानात आले. नैसर्गिक तळ्याचा तळ राज्याने जनतेचा विश्वस्त म्हणून धरलेला आहे. काठाच्या मालकाला धक्का बांधता येतो, पाण्यापर्यंत जाता येते. पण कोणीही परका माणूस सार्वजनिक उतारावरून होडी घालून तुमच्या धक्क्यापासून चार हातांवर गळ टाकून बसला तर त्याला उठवता येत नाही. तो पाण्यात पाय ठेवून आहे तोवर तो स्वतःच्या घरी आहे.

भाच्याला हे पटत नाही. "मामा, वर्गणी आम्ही भरायची, शेवाळ आम्ही उपसायचे, घाणीचा कर आम्ही सोसायचा, आणि रविवारी शहरातून येऊन जाणाऱ्याचा हक्क आमच्याइतकाच? ज्याने वर्षभर राबायचे त्याला काहीच अधिक नको?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रमातून हक्क निर्माण होतो ही कल्पना जुनी आहे, आणि न्यायबुद्धीला ती पटतेही. कूळ कायद्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. कसेल त्याची जमीन, तर मग राखील त्याचे तळे का नाही?

संघापुढे त्या वर्षी खरा प्रश्न होता तो सार्वजनिक उताराचा. पूर्व युरोपातला एक नखाएवढा पट्टेरी शिंपला, ज्याला तिकडे झेब्रा शिंपला म्हणतात, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेत गेला. १९८८ साली तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला, आणि त्यानंतर तळ्यामागून तळे व्यापत गेला. त्याची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. होडीच्या तळाशी उरलेल्या ओंजळभर पाण्यातून ती एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. म्हणून काही सभासदांचे म्हणणे, उताराला कुलूप लावा. परक्या होड्या आल्या नाहीत तर शिंपलाही येणार नाही. तर्क बिनचूक दिसतो. पण हा शिंपला दुसऱ्या तळ्यावरून विकत आणलेल्या जुन्या धक्क्याला चिकटून, होडी उचलून ठेवण्याच्या सांगाड्याला चिकटूनही आलेला आहे, आणि ह्या वस्तू रविवारचा पाहुणा आणत नाही, काठावरचा मालक आणतो. मालकांच्या सामानाची तपासणी करा असा ठराव मात्र त्या अंकात मला दिसला नाही. 'राखणे' या शब्दाचा पहिला अर्थ दुसऱ्यात सरकतो तो इथे. कळकळ खरी असते, भीती खरी असते, शिंपलाही खरा असतो. आणि तरीही कुलूप ज्या दाराला लागते ते नेमके परक्याचे दार निघते.

याच राज्याच्या उत्तर भागात हे फार कुरूप रूपात घडून गेले आहे. तेथील ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांनी आपली भूमी सरकारला दिली, पण तिच्यात शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. (पाहा, इथेही तोच शब्द.) शतकभर तो कोणी जुमानला नाही. १९८३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचा निकाल दिला. वसंतात बर्फ वितळल्यावर ओजिब्वे लोक रात्री दिवे घेऊन भाल्याने मासे मारतात. ही त्यांची पूर्वापार रीत. ते होड्या घेऊन उतारावर आले की शेकडोंचा जमाव जमू लागला. दगड आले, शिव्या आल्या, माशाऐवजी माणसालाच भाल्यावर घ्या असे सुचवणारे फलक आले. जमावाची घोषणा होती 'मासे वाचवा'. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत भाल्याच्या मासेमारीने माशांची संख्या धोक्यात आली नसल्याचे दिसून आले, आणि त्याच वर्षी न्यायालयाने त्या छळाला मनाई केली. ज्यांना हाकलायचे होते ते लोक या तळ्यांत माशांची पिले सोडण्याचेही काम करतात, ही गोष्ट जमावातील किती जणांना ठाऊक होती कोण जाणे.

परदेशाचे दोष सांगताना आपला आवाज सहज चढतो. म्हणून इथे आपल्या एका तळ्याकडे येणे भाग आहे. महाडच्या चवदार तळ्याची कथा आपण शाळेपासून ऐकतो: २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, ओंजळभर पाणी. परंतु त्यानंतर झालेला दावा फारसा कोणी वाचत नाही. तो वाचला म्हणजे ध्यानात येते की एका अर्थी तो काठावरच्या घरमालकांचा दावा होता. चार-पाच एकरांचे ते तळे; पाणी पावसाचे आणि थोडे झऱ्यांचे; भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची घरे, काहींच्या मालकीच्या काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्या, बांधलेले काठ. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तो १९२७ च्या ऑगस्टात मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल झाला: तळे आमचे, वहिवाट आमची, अस्पृश्यांना मज्जाव असावा. पायऱ्या आमच्या म्हणून पाणी आमचे. मुसलमान गृहस्थ तेथे पाणी भरत, त्याला हरकत नव्हती.

मार्चच्या त्या दिवसानंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली होती, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून. ती करणाऱ्यांना आपण तळे घाण करतो आहोत असे वाटले नसेल. ते तळे राखत होते. त्यांच्यात वाईट हेतूचे लोक होते तसे प्रामाणिक, भाविक, रोज पहाटे त्या पायऱ्या झाडणारेही असतील. मला त्या दुसऱ्या प्रकाराचीच धास्ती अधिक वाटते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. मज्जावाची अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही, दावा फेटाळला. ओंजळ भरल्याला दहा वर्षे होत आली होती.

भाच्याला मी महाडची हकीकत सांगितली. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण मामा, ते जातीचे होते. आमचे तसे नाही." बरोबर आहे, तसे नाहीच. शिंपल्याला घाबरणे आणि माणसाच्या स्पर्शाला घाबरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि दोन्हींना एका तागडीत घालणारा माणूस बेजबाबदार ठरेल. माझे म्हणणे त्याहून बेताचे आहे. दोन्ही ठिकाणी युक्तिवादाचा सांगाडा एक आहे: काठ माझा, काळजी माझी, म्हणून पाण्याबद्दल कोणी बोलायचे ते मी ठरवीन. महाडात या सांगाड्यात जे भरले गेले ते विषारी होते, विस्कॉन्सिनच्या वार्तापत्रात ते सौम्य आहे. सांगाडा मात्र काहीही भरून घेण्याइतका मोकळा आहे.

येथवर सगळे सोपे होते. काठाच्या मालकाला गप्प बसवून तळे सर्वांचे असे जाहीर करून टाकले की झाले, असे वाटते. परंतु भंडारा-गोंदियाच्या बाजूला जाऊन पाहिले म्हणजे हा आत्मविश्वास टिकत नाही. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. उतार ओळखायचा, पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवून खालच्या धानाला द्यायचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हे मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक भरतात. मालगुजार काही संत नव्हते. पाळीवर पडलेल्या मातीत वेठीचा घाम पुष्कळ असणार. पण तलाव भरला तर त्याचे शेत पिकत होते, म्हणून दर उन्हाळ्यात गाळ निघत होता नि पाळ दुरुस्त होत होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. न्याय झाला यात शंका नाही. पुढे गाळ कोणी काढायचा? मालगुजार म्हणे, तलाव आता माझा नाही. शेतकरी म्हणत, निस्तारात आमचे पाणी फुकट लिहिले आहे, पाणीपट्टी कसली? सरकार म्हणे, पट्टी नाही तर दुरुस्ती कुठून करू? आणि तलाव उथळ होत गेले, बेशरमीची झुडपे माजली. ज्याला चाखायचे होते तो गेला, त्याच्याबरोबर राखणेही गेले. म्हण उलट्या बाजूनेही खरी ठरली.

अमेरिकन अभ्यासक गॅरेट हार्डिन याने १९६८ साली लिहिले होते की सर्वांची वस्तू शेवटी कोणाचीच राहत नाही आणि नासते. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी आयुष्यभर गावोगावची कुरणे, कालवे, मच्छीमारीच्या जागा तपासल्या, १९९०च्या ग्रंथात त्याला उत्तर दिले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक आपापसांत नियम करून सामाईक वस्तू शतकानुशतके टिकवतात, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या नियमांतला एक असा की वापरणारे कोण आणि सीमा कोणती हे स्पष्ट हवे. हे वाचताना बरे वाटते आणि लगेच महाड आठवते. वापरणारे कोण हे ठरवायला बसलेल्या सभेत कोणाला बसू दिले होते?

विश्वस्त म्हणून सरकार नेमावे, तर त्याचीही कथा आहे. १८६९ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने मिशिगन सरोवराचा शिकागोपुढचा हजार एकरांहून अधिक तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. १८७३ साली ते दान परत घेतले, आणि १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असली मालमत्ता विकून टाकण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतोच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व १९९६ साली बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणात उचलले. पवईच्या तलावात तर सायकलींचा मार्ग बांधायला निघाली ती मुंबईची महापालिकाच. २०२२ साली उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. राखणदारावर राखणदार बसवत गेलो तर ही उतरंड संपत नाही.

म्हणून मी भाच्याच्या प्रश्नाकडे परत येतो. राबणाऱ्याला काहीच अधिक नको का? माझे उत्तर, हवे. पण ते त्याला मिळालेले आहे. पहाटे उठून दार उघडले की समोर तळे, हे रविवारच्या पाहुण्याला कधी मिळत नाही. पाणी निवळ राहिले तर घराची किंमत वाढते ती काठावरच्याची, शहरातल्या गळ टाकणाऱ्याची नव्हे. वर्गणी हा त्या सुखाचा भाव आहे. तो देऊन झाल्यावर त्याच पैशाने दुसऱ्याला हाकलण्याचा हक्कही विकत घेतला असे मानणे म्हणजे एका नाण्याने दोनदा खरेदी करणे. मालगुजाराला त्याच्या धानापुरते पाणी हवे होते हे रास्तच. तेवढ्यापुरती त्याची गोडी शिल्लक ठेवली असती, आणि खालच्या शेतकऱ्याला व तलावात मासे धरणाऱ्या ढीवराला पाळीचा हिशोब विचारायचा अधिकार दिला असता, तर कदाचित गाळही निघाला असता. हे मी आज आरामात बसून म्हणतो. १९५० साली ते कोणाला सुचणे कठीण होते. अलीकडे भंडाऱ्याकडे काही तलावांत ढीवर बायकांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासळी परतली, असे तिकडून कळते. त्यांच्या नावावर तलावाचा एक हातही नाही.

विस्कॉन्सिनच्या संघाने शेवटी कुलूप लावले नाही. कायद्याने ते लावताही आले नसते, हे खरे कारण. उतारापाशी शनिवार-रविवारी कोणीतरी उभे राहून येणारी प्रत्येक होडी, आपली असो वा परकी, धुऊन कोरडी करून घ्यावी असे ठरले. पाळीच्या यादीत भाच्याचे नाव आहे. त्याची कुरकुर चालू आहे, आणि तो जातो.

आपल्याकडे हा प्रश्न आता नव्याने येऊ घातला आहे, आणि येतो आहे तो सह्याद्रीच्या कुशीत. मुळशीला १९२१ साली सेनापती बापट आणि मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. मुंबईला वीज हवी होती, गावे पाण्याखाली गेली. आज त्या पाण्याच्या काठी विश्रामगृहे आहेत, बंगले आहेत, पवनेच्या काठीही आहेत, आणि जाहिरातीत 'तलावाचे दर्शन' हा शब्द किमतीसकट छापलेला असतो. बंगले आहेत तेथे संघ होतील. काही ठिकाणी झालेही असतील. त्यांनी सांडपाण्याचा प्रश्न घ्यावा, कचऱ्याचा घ्यावा, रात्रीच्या कर्ण्यांचा घ्यावा. कोणी तो घेत नाही त्यापेक्षा त्यांनी घेतलेला बरा. फक्त पहिल्या सभेपूर्वी त्यांनी एकदा उन्हाळ्यात पवनेकाठी जाऊन यावे. पाणी उतरले की तेथे वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते, पावसाळ्यापासून कित्येक महिने बुडलेले. दगड तसेच, महादेव तसाच. ज्यांचे ते देऊळ त्यांच्या गावापासून तिथे जायची पायवाट आता कोणाच्या कुंपणाजवळून जाते, आणि त्या कुंपणाला फाटक ठेवले आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे.